टाळकऱ्याची बोटं

या, असे जवळ या. मागच्यांनी पुढं सरका, उंबऱ्यापाशी बसलेल्या आयाबायांनीही आत या. आज मृदंग नाही, वीणा नाही. हळू आवाजात सांगायची गोष्ट आहे, म्हणून कान जवळ हवेत. एका माणसाच्या हातातल्या सुईची आणि दुसऱ्या एका माणसाच्या गळ्याची ही गोष्ट. कीर्तनात आपण आधी देवाचं नाव घेतो आणि मग माणसाकडं वळतो. आज माणसापासूनच सुरुवात करतो. यात देव कुठं उभा होता ते मला विचारू नका, मीही अजून बघतोच आहे.

जुन्या जालन्यात मस्तगडाला, खाली भांड्यांचं दुकान आणि वर राहतं घर, अशा एका माडीवर मार्तंडराव सुयांचा उपचार करतात. "टोचता का हो सुया?" असं कोणी विचारलं की पूर्वी त्यांना राग यायचा. "टोचतो तो काटा. मी सुई ठेवतो," म्हणायचे. आणि खरंच, ठेवल्यासारखीच ठेवायचे. केसाएवढी बारीक सुई, बारक्या नळीतून एक टिचकी, की आत. माणसाला कळायचंही नाही. तरी गावानं नाव पाडलं ते पाडलंच, सुईवाले काका.

त्यांच्याकडं यायचं कोण? सळईच्या कारखान्यात पाठ मोडून घेतलेले कामगार, कापूस वेचून मनगटं धरलेल्या बाया, बदनापूरहून रोज रेल्वेनं ये-जा करणारे मानदुखीचे कारकून. आणि आलेल्या माणसाच्या दुखण्याला मार्तंडराव लवकर हातच लावायचे नाहीत. आधी बसवायचे. जीभ बघायचे, दोन्ही मनगटांची नाडी बघायचे, आणि मग सुरू. झोप कशी आहे? स्वप्नं पडतात का? घरात कोण कोणाशी बोलत नाही? शेवटचं रडलात कधी? कंबर घेऊन आलेली बाई बोलता बोलता सासूपर्यंत पोचायची, सासूवरून माहेरी अबोला धरलेल्या भावापर्यंत, आणि पदरानं डोळे पुसून म्हणायची, "आगं बाई, कंबर हलकी झाली की वो!" अजून सुई पाकिटातच असायची.

आतल्या खोलीतून रमाबाईंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, आवाज यायचा. "अहो, निरूपण आवरा. तुमच्या एका पेशंटात माझा कुकर दोनदा होतो. बाहेर बाकावर लोक ताटकळलेत."

"अगं, माणूस काय सुटा सुटा येतो का? खांदा पुढं पाठवला आणि बाकीचा घरी बसला, असं होतं का कधी?"

"होत नाही. पण त्या खांद्याला गावाकडं जायला शेवटची बस असते."

बाकावरचे लोक हसायचे. अर्धं दुखणं तिथंच उतरायचं म्हणा ना.

मार्तंडरावांची श्रद्धा अशी, की शरीरात वाटा आहेत, शेतातल्या पायवाटांसारख्या, आणि प्रत्येक वाटेवर एकेक भाव राहतो. राग यकृतात, भीती मूत्रपिंडात आणि शोक फुप्फुसात. फुप्फुसाची वाट छातीतून निघते, खांद्यापाशी वर येते, दंडावरून उतरत अंगठ्याच्या नखाजवळ संपते. हे ते इतक्या प्रेमानं सांगायचे, की ऐकणाऱ्याला आपल्या हातावर ती वाट दिसायला लागायची.

पण म्हणून ते भाबडे नव्हते. भिंतीवर विठ्ठलाच्या तसबिरीखाली त्यांनी पाटी रंगवून लावली होती, 'आधी तपासणीचे कागद, मग सुई.' संभाजीनगरला ज्या बाईंकडं ते ही विद्या शिकले, त्यांनी निरोप देताना बजावलं होतं, "मार्तंड, सुई दुखणं झोपवते. झोपलेलं दुखणं आणि गेलेलं दुखणं बाहेरून अगदी सारखं दिसतं. कागद बघितल्याशिवाय पाकीट फोडायचं नाही. सख्खा बाप आला तरी नाही." आणि त्यांनी ते पाळलं होतं. सख्खा सासरा गुडघे धरून आला, तर त्यालाही भर उन्हात एक्स-रे काढायला पाठवलं. रमाबाई ते अजून ऐकवतात.

हा नेम एकदाच मोडला. रखमाजी महाराज आले तेव्हा.

रखमाजी महाराजांचं गाव जाफराबादच्या अंगाला. घरची शेती. मुलगा कल्याण आणि सून सुरेखा ती बघतात. महाराजांनी कीर्तनाचा धंदा केला नाही. नारळ आणि येण्याजाण्याचा खर्च, एवढ्यावर गावोगाव उभे राहिले. आवाज गोड म्हणाल तर नव्हता. गोड आवाज पुष्कळ ऐकले आपण. यांचा आवाज भर उन्हाळ्यातल्या विहिरीसारखा होता, वरून खरबरीत आणि आत वाकून बघितलं की गार. मार्तंडरावांचे वडील गेले तेव्हा हा तरणा माणूस घरात कोणाशी बोलेना, जेवेना. कोणीतरी हाताला धरून कीर्तनाला नेलं. मंडपात त्या रात्री महाराजांचा आवाज चढला आणि मार्तंड पहिल्यांदा रडला. त्या आवाजाला धरून तो घरी परत आला. हे त्यानं महाराजांना कधी सांगितलं नाही, पण जिल्ह्यात कुठंही त्यांचं कीर्तन असलं की हा माणूस पुढच्या ओळीत.

आणि एक रीत सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. अभंगाचा शेवटचा चरण महाराज अर्धाच म्हणायचे. टाळ थांबवायचे आणि बायकांच्या बाजूला बघायचे. तिथून सोनूबाई, महाराजांची कारभारीण, बसल्या जागेवरून उरलेला अर्धा चरण म्हणायची. साधा, पातळ, जात्यावर बसलेल्या बाईसारखा आवाज. तो संपला की मृदंगाची थाप पडायची आणि सगळा मंडप उभा राहायचा. कोणी छेडलं तर महाराज म्हणायचे, "संसार अर्धा अर्धा वाहिला, मंग अभंग एकट्यानंच कसा खाऊ?"

मागच्या दिवाळीनंतर सोनूबाई तापाचं निमित्त होऊन गेली. त्यानंतर महाराज पहिल्यांदा उभे राहिले ते शेजारच्या गावात. शेवटचा चरण अर्धा म्हणाले, सवयीनं थांबले, बायकांच्या बाजूला बघितलं. तिथून काहीच आलं नाही. त्यानंतर आवाज बसला तो बसलाच.

आता तुम्हीच सांगा, असा माणूस तुमच्या दारात आला तर तुम्हाला काय वाटेल? साऱ्या मुलखाला जे वाटलं तेच मार्तंडरावांना वाटलं.

माघात सुरेखा सासऱ्याला घेऊन जिना चढून आली. मार्तंडराव खुर्चीवरून उठले, भर पेशंटांत पुढं गेले आणि महाराजांच्या पायावर डोकं ठेवलं.

"महाराज, तुम्ही कशाला आलात? निरोप धाडला असता, मी आलो असतो."

"आरं, दुखणं माझं अन् पाय तुझे झिजवू व्हय?" आवाज कसला, वाळलेल्या कडब्याची सळसळ. "हा डावा खांदा लय धरून राह्यला, मार्तंडा. दंडात कळ उतरती. अन् गळा तर तू ऐकूनच राह्यला. चैतात गावात हनुमान जयंतीचा सप्ता हाय. काल्याचं कीर्तन माझ्याकडं. तिच्या नावानं घ्यायचं हाय. तेवढ्या एका कीर्तनाला गळा दे. मंग माझं काही मागणं न्हाई."

सुरेखा पाटी वाचत होती. "काका, कागद तर काहीच न्हाई आणले. मामा दवाखान्याची पायरी चढत न्हाईत. पहिले छातीचा फोटो काढून आणू का? हितं जवळच निघतो म्हणं."

मार्तंडरावांनी महाराजांचं मनगट हातात घेतलं होतं. डोळे मिटून नाडी बघता बघताच म्हणाले, "बाकीच्यांना लागतात कागद. महाराजांचं दुखणं काय आहे ते गावोगाव माहीत आहे, सुरेखा. हा शोक आहे. बघ, खांदा, दंड, गळा. फुप्फुसाची वाट जिथून जाते बरोबर तिथंच कळ आहे. सप्ताह पार पडू दे, मग हवा तर फोटो काढू."

"पर मामांचे सदरे बी ढिले पडून राह्यले."

"वाढणारी गेली, बाई. जेवण कसं जाईल?"

सुरेखानं पाटीवरची नजर काढली. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

मग मार्तंडरावांनी महाराजांना पलंगावर निजवलं आणि शेवटची सुई ठेवायला अंगठा हातात घेतला. अंगठ्याचं टोक गोल, फुगीर, ढोलाच्या टिपरीच्या बोंडासारखं. नख घड्याळाच्या काचेसारखं उचललेलं. बाकीची बोटंही तशीच. शिकत असताना बाईंनी एकदा अशी बोटं फळ्यावर काढून दाखवली होती. पण मार्तंडरावांना तो फळा आठवला नाही, मंडळी. त्यांना दिसला टाळ. जन्मभर टाळाची दोरी या बोटांना गुंडाळली, जन्मभर पितळेचा ठोका या टोकांनी झेलला. ते म्हणाले, "रमा, जरा बाहेर ये. बघ, टाळकऱ्याची बोटं बघ." आणि तो हात त्यांनी कपाळाला लावला.

सुरेखानंही हात जोडले. तिनं तरी काय करावं?

आठवड्या-आठवड्यानं महाराज येऊ लागले. आणि गुण येऊ लागला, हे खोटं कसं म्हणू? खांद्याची कळ उतरली. महाराज पलंगावर सुया घेऊन गाढ झोपायचे. "मार्तंडा, ती गेल्यापासून अशी झोप लागली न्हाई बघ," म्हणायचे. मार्तंडराव त्यांच्याशी सोनूबाईबद्दल बोलायचे. तिच्या हातची भाकर, तिचं रागावणं, कीर्तनाहून परत येताना बैलगाडीत तिनं काढलेल्या महाराजांच्या चुका. महाराज हसायचे, रडायचे. खोकायचेही. रमाबाई एकदा म्हणाल्या, "हा खोकला मला बरा वाटत नाही हो." मार्तंडराव म्हणाले, "शोक बाहेर पडतोय."

बघा, एकदा मनानं घेतलं ना, की प्रत्येक खूण पालखीच्या भोयासारखी त्याच गोष्टीला खांदा देते.

फाल्गुनात एक दिवस तर कमाल झाली. सुया काढल्यावर महाराज उठून बसले, घसा खाकरला आणि एक चरण म्हणाले. आवाज निघाला! पूर्वीचा नाही, पण निघाला. पलीकडच्या पलंगावर पाठभर सुया घेऊन पालथ्या पडलेल्या कारकुनानं तसंच पडल्या पडल्या हात जोडले. त्याला हलता येईना आणि राहवेना. रमाबाई हातात झारा घेऊन दारात उभ्या राहिल्या. मार्तंडरावांनी जिन्यातून खाली वाकून भांडेवाल्याला पेढे आणायला धाडलं.

"बिलकुल उभं करतो तुम्हाला काल्याला," ते महाराजांना म्हणाले. "बिलकुल."

त्या दिवशीच्या मार्तंडरावांइतका सुखी माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

सप्ताह उभा राहिला. मार्तंडरावांचं रोज जाणं व्हायचं नाही, पण काल्याला सकाळच्या बसनं जायचं म्हणून धुतलेलं धोतर काढून ठेवलं होतं. आणि काल्याच्या आदल्या दुपारी भुजंग नावाचा एक माणूस आला. सळईच्या कारखान्यात भट्टीवर असलेला, चाळिशीचा, अंगावर मांस कसलं ते नाही. काखेत फोटोंची मोठी पिशवी.

"काका, पाटी वाचली. कागद समदे हायेत," तो म्हणाला. "छातीत गाठ निघाली. औषधाच्या सलाइना चालू हायेत, पर उलट्यांनी जीव जाऊन राह्यला. मोठ्या डॉक्टरांनीच सांगितलं, सुयांनी उलट्यांना उतार पडतो, जाऊन बघा."

मार्तंडरावांनी कागद वाचले. नेमानं वाचले. मग उलट्यांसाठी मनगटाच्या आतल्या बाजूला सुई ठेवायची म्हणून भुजंगचा हात उलटा केला. आणि त्यांना ती बोटं दिसली. टिपरीच्या बोंडासारखी टोकं. उचललेली नखं.

मार्तंडरावांचा चेहरा उजळला, बरं का. आधी उजळला. "भुजंगराव, तुम्हीही टाळकरी का? कोणत्या भजनी मंडळात?"

भुजंग हसला. "मी? काका, देवळामागं पत्ते कुटणारा माणूस मी. टाळ कधी हातात धरला न्हाई. का वो?"

"ही बोटं..."

"हे व्हय?" त्यानं आपला पंजा पसरला. "हे या बिमारीचं. डॉक्टरांनी तर पहिले बोटंच बघितल्ती. म्हणले, फुप्फुसात बिघाड असला की बोटं अशी होत्यात. लगेच फोटो काढायला धाडलं."

मार्तंडरावांनी सुई ठेवली. त्या माणसाला गुण यायचा तो आला, बिचारा मळमळ थांबली म्हणून पाया पडून गेला. बाकीच्यांना त्यांनी उद्या यायला सांगितलं आणि स्वतः विठ्ठलाच्या तसबिरीखाली, त्या पाटीखाली, फरशीवर बसले. रमाबाई चहा घेऊन आल्या तर हे आपलाच अंगठा दुसऱ्या हातात धरून बसलेले.

"वाट खरं सांगत होती, रमा," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून फुप्फुस, फुप्फुस म्हणत होती. शोक हा शब्द मी तिच्या तोंडात घातला."

रमाबाईंना सगळं सांगून झालं. त्या म्हणाल्या, "आत्ता फोन करा. उद्यावर टाकू नका."

फोन कल्याणनं उचलला. मागं मंडपात टाळांचा गजर, ध्वनिक्षेपकाची खरखर. "काका! ऐकू येऊन राह्यलं का? दादा लय खुश हायेत! उद्याचा अभंग घोकून राह्यलेत. तुम्ही जल्दी या, पुढची जागा धरून ठिवतो. सारं गाव म्हणतं, सुईवाल्या काकांनी महाराज परत दिला!"

"कल्याण," मार्तंडराव म्हणाले.

"बोला ना, काका."

"येतो मी."

त्यांनी फोन ठेवला. रमाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं आणि चहाचा थंड झालेला कप उचलून आत गेल्या.

सकाळी मार्तंडराव पहिल्या बसनं निघाले. धरून ठेवलेल्या जागेवर बसले. महाराज उभे राहिले. धुवट पांढरा फेटा, गळ्यात टाळ. आणि आवाज? निघाला, मंडळी, पण फाटक्या धोतरातून अंग दिसावं तसा. लोक पुढं वाकून वाकून ऐकत होते. ध्रुपद धरणारी मंडळी महाराजांच्या अपुऱ्या शब्दांखाली हात दिल्यासारखी गात होती. मधे दोनदा श्वास पुरला नाही, मृदंगवाल्यानं वाजवून ती वेळ भरून काढली. मार्तंडरावांना यातलं काही ऐकू येत नव्हतं. ते फक्त बोटं बघत होते. दोरी गुंडाळलेली, पितळेवर पडणारी बोटं.

शेवटच्या चरणाशी महाराज अर्ध्यावर थांबले. टाळ थांबले. त्यांनी बायकांच्या बाजूला बघितलं. सुरेखाच्या मांडीवर सोनूबाईचं लुगडं घडी करून ठेवलेलं होतं. कोणी काही म्हणालं नाही. मग त्यांनी नजर फिरवली आणि पुढच्या ओळीत मार्तंडरावांकडं बघितलं. हसले. तू दिलास रे हा गळा, असं ते हसणं होतं.

दहीहंडी फुटली, काला वाटला गेला. देवळामागं चुलाण पेटलेलं होतं, तिथं मार्तंडरावांनी सुरेखाला गाठलं. हातात काल्याचा द्रोण तसाच. त्यांनी सांगितलं, बोटांसकट सांगितलं. ती वरणाच्या पातेल्यापाशी उभी राहून ऐकत होती. संपल्यावर तिनं डाव बाजूला ठेवला.

"काका," ती म्हणाली, "मी इचारलं होतं."

एवढंच. पुढं कधीही ती याबद्दल दुसरा शब्द बोलली नाही. बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

संभाजीनगरच्या दवाखान्यात फोटो निघाले, छातीतून तुकडा काढून तपासला. रोग फुप्फुसाच्या वरच्या टोकाला होता, तिथून हाडांत गेला होता. गळ्याच्या नसेलाही त्यानंच धरलं होतं. मार्तंडराव डॉक्टरांसमोर उभे राहिले. "माघात कळलं असतं तर?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर सरळ माणूस होता. म्हणाला, "कदाचित वाचले असते. कदाचित तेव्हाही हेच असतं. मला सांगता येणार नाही. कोणालाच येणार नाही."

लोक म्हणतात, त्या डॉक्टरानं मार्तंडरावांना सोडवलं. मला तसं वाटत नाही. दोषी ठरलेल्या माणसाला निदान आपली जागा माहीत असते. यांना ना शिक्षा मिळाली, ना सुटका.

महाराजांना घरी आणलं. मार्तंडराव त्यांच्या खाटेपाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. "महाराज, सगळ्यांना कागद मागितले, तुम्हाला नाही मागितले. पायावर डोकं ठेवलं आणि डोळे मिटले. मीच चुकलो."

महाराजांचा आवाज आता गेलाच होता, नुसता वारा यायचा. कान ओठांपाशी न्यावा लागे. "चुकलो म्हणू नको रं," ते म्हणाले. "तुझ्याकडं मला झोप लागल्ती."

हे त्यांनी प्रेमानं म्हटलं. समजावण्यासाठी म्हटलं. पण मार्तंडरावांच्या कानात संभाजीनगरच्या बाईंचे शब्द उभे राहिले. झोपलेलं दुखणं आणि गेलेलं दुखणं. ते उठून अंगणात गेले आणि हौदावर तोंड धुवत राहिले.

"सुया आणल्या का?" परत आल्यावर महाराजांनी विचारलं. "मंग ठिव. खांदा लय धरून राह्यला."

वैशाखभर मार्तंडराव जात राहिले. कधी बस, कधी जीप. आता कागद होते, सगळे होते, दवाखान्यातल्या गोळ्याही होत्या. खाटेवरच सुया ठेवायचे. सुरुवातीला कळ थोडी उतरायची. मग उतरेनाशी झाली. सुई तीच, हात तोच, वाट तीच. सुरेखा पाणी आणून द्यायची, सुया टाकायला डबी पुढं करायची.

शेवटी शेवटी एकदा महाराजांनी त्यांना जवळ ओढलं. "मी गेल्यावर तेराव्याला कीर्तन करतील. माझा चेला करील. त्याला मी सांगून ठिवलं, शेवटचा चरण अर्धा सोड म्हणून. आमच्या घराची रीत हाय. उरलेला तू घे."

"महाराज, माझी काय लायकी?"

"लायकी कोण इचारतं? ती तरी कुठं गाणारी व्हती?" आणि थोडा दम खाऊन, "तिचा चरण अर्ध्यावर सोडून गेलो असं नको व्हायला."

मार्तंडरावांनी होकाराची मान डोलावली.

ज्येष्ठात महाराज गेले. तेराव्याला अंगणात मंडप घातला. सारा मुलूख लोटला होता. रमाबाईही आल्या होत्या, बायकांत सुरेखाच्या शेजारी बसल्या. चेल्यानं चांगलं कीर्तन केलं. गुरूची वळणं गळ्यात होती त्याच्या, लोकांच्या डोळ्यांना धार लागली. शेवटचा अभंग आला. शेवटचा चरण आला. अर्ध्यावर तो थांबला. टाळ थांबले. मृदंगवाल्यानं हात वर धरून ठेवला. सगळ्यांना सांगितलेलं होतं. सगळा मंडप मार्तंडरावांकडं वळला.

ते उभे राहिले. तोंड उघडलं. चरण पाठ होता, लहानपणापासून पाठ होता. गळ्यात कुठलंही दुखणं नव्हतं. पण समोर चेल्याच्या हातात महाराजांचाच टाळ होता, आणि दोरी गुंडाळलेली ती तरणी बोटं सरळ होती, निमुळती होती. इतकी वर्षं टाळ धरूनही अगदी साधी, सरळ. मंडपात वीस-पंचवीस टाळकरी उभे होते. मार्तंडरावांनी एकेकाचे हात बघितले. सगळ्यांचे बघितले. यातली कुठलीच बोटं तशी नव्हती. कधी नव्हती. जन्मभर पुढच्या ओळीत बसून ते हे हात बघत आले होते.

आवाज निघाला नाही.

मृदंगवाल्याचा हात हवेत थांबला होता. सुरेखाचे ओठ हलल्यासारखे झाले, मग तिनं मान खाली घातली. चेल्यानं वाट बघितली, जेवढी बघता येते तेवढी. मग चरण तसाच सोडून, अर्धाच सोडून, त्यानं विठ्ठलाचा गजर सुरू केला. लोक उठले.

त्यांचं काम चालू आहे. कोणी म्हणेल बंद करायचं होतं. बंद करून भुजंगसारख्यांनी जायचं कुठं? पाटी आहे तिथंच आहे. आता कोणीही आलं की मार्तंडराव आधी हाताची बोटं बघतात, मग कागद, आणि कागद नसतील तर जिना उतरायला सांगतात, देव आला तरी. सुया ठेवतात. सुया पूर्वीपेक्षाही नेमक्या बसतात म्हणतात लोक. पण विचारत काही नाहीत. झोप कशी आहे, घरात कोण बोलत नाही, शेवटचं रडलात कधी, हे सगळं बंद. कंबर घेऊन आलेली बाई कंबर दाखवते, पालथी पडते, वेळ झाली की उठून जाते. सासू, भाऊ, माहेर, सगळं पदरात तसंच बांधलेलं घेऊन जिना उतरते. रमाबाईंचा कुकर आता एकदाच होतो. परवा त्या बाकावरच्या माणसांदेखत म्हणाल्या, "अहो, काहीतरी विचारा हो त्यांना." मार्तंडरावांनी सुईचं पाकीट फोडलं आणि नुसती नकाराची मान हलवली.

कीर्तनाला येतात. आत येत नाहीत. मंडपाबाहेर जिथं चपला काढतात तिथं बसतात, आणि शेवटचा अभंग सुरू झाला की उठून चालू लागतात.

बसा, उठू नका, एवढं ऐकून जा. रखमाजी महाराजांची आठवण काढायला सारा जिल्हा आहे, सोनूबाईला तिचा चरण आहे. माझी विनवणी दुसऱ्यासाठी आहे. आज ना उद्या कुठल्या तरी मंडपातून बाहेर पडाल, चपला शोधाल. तिथं कोणी पाय जवळ घेऊन बसलेला दिसला तर ओलांडून जाऊ नका. आणि कोणीच नसलं, जागा रिकामी असली, तर घटकाभर तिथं थांबा आणि मस्तगडच्या मार्तंडाची आठवण करा.